पीककर्ज घेतलं की विम्याचा हप्ता परस्पर कापतात. नको म्हणायचा हक्क आहे का?

हक्क आहे, पण तो बजावावा लागतो. तुमचा कापूस जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्याकडचा, कोरडवाहू; कर्ज गावच्या विविध कार्यकारी (वि.का.) सोसायटीचं. विमा मागितला नव्हता, तरी हप्ता गेला. प्रधानमंत्री पीक विमा योजना 2016 ला आली तेव्हा कर्जदाराला विमा सक्तीचाच होता. 2020 च्या खरिपापासून तो ऐच्छिक झाला. मात्र गप्प राहिलेला कर्जदार आत धरला जातो आणि गप्प राहिलेला बिगरकर्जदार बाहेर.

नको असेल तर शेवटच्या तारखेच्या किमान 7 दिवस आधी तसं घोषणापत्र द्यावं लागतं. मुदत 31 जुलै असेल तर 24 जुलैपर्यंत. मुदतवाढीच्या भरवशावर राहू नका. खाते क्रमांक, गट नंबर, पीक, हंगाम, वर्ष लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यानिशी पोच घ्या. सोसायटीच्या गटसचिवाला तोंडी सांगून भागत नाही, बहुतेकांचं इथंच फसतं. कापसाऐवजी मका पेरला असेल तर तेही मुदतीच्या किमान 2 दिवस आधी कळवा. नाहीतर विमा कापसाचा निघतो, शेतात मका उभा असतो आणि भरपाईच्या वेळी वाद होतो.

कापूस नगदी पीक, त्यामुळे तुमचा हिस्सा विमा रकमेच्या 5 टक्क्यांपर्यंत जातो. तरी नकार देण्याआधी एक बघा. भरपाई मुख्यतः महसूल मंडळातल्या (काही गावांच्या गटातल्या) पीक कापणी प्रयोगांवर, म्हणजे निवडक शेतांतलं पीक कापून केलेल्या मोजणीवर ठरते. मंडळाची सरासरी उंबरठा उत्पन्नाखाली, म्हणजे मागच्या वर्षांच्या उत्पन्नावरून ठरवलेल्या पातळीखाली गेली तर पैसे मिळतात. तुमचं एकट्याचं शेत गेलं आणि मंडळ तरलं, तर सहसा काही नाही. कोरडवाहू मंडळ मात्र पावसानं ताण दिला की सगळंच एकदम बसतं. म्हणून तुमच्या जागी मी विमा ठेवीन.

सरकारनं कर्जदाराला आधीच आत धरणं मला गैर वाटत नाही. पीक गेलं तरी मुद्दल अंगावर राहतंच. गैर आहे ते न सांगता कापणं. मौन म्हणजे होकार धरायचा, तर नकारही तितकाच सोपा हवा: कर्जाच्या अर्जावरच ‘हवा’ आणि ‘नको’ अशा दोन चौकटी, आणि हप्ता कापण्याआधी मराठीत एसएमएस. 2023 पासूनच्या राज्य सरकारच्या 1 रुपयातल्या विम्यात तर हवा की नको हा विचारच उरला नाही. बोगस अर्ज वाढले आणि 2025 ला ती सवलत गेली.

ऑगस्टमध्ये पासबुक भरून घ्या. पोच असूनही हप्ता कापला असेल तर तिची झेरॉक्स जोडून बँकेच्या शाखाधिकाऱ्याला लेखी द्या, तालुका कृषी अधिकाऱ्याला प्रत द्या. तिथं दाद लागली नाही तर जिल्हास्तरीय तक्रार निवारण समितीकडे जाता येतं.