धुमाची कणीक आणि आठवीचा ध्वनी

ताई, तुम्ही लिहिलंय की आठवीकडून हृदयाची आकृती रंगवून घेतली, जलचक्राचं पोस्टर करवून घेतलं, वहीवर 'कला समेकित अध्यापन' असा छान शेराही आला; पण तुम्हालाच वाटतंय की यात ना चित्रकला झाली ना विज्ञान. अगदी बरोबर वाटतंय. रंग न भरतासुद्धा मुलांना हृदय तेवढंच कळलं असतं. मीही बरीच वर्षं हेच करत होतो, म्हणून नावं ठेवत नाही.

आता मी एवढंच बघतो: कलाकाराला काम करताना येणारी अडचण विज्ञानाची आहे का? हळदीत चुना कालवला की लाल कुंकू होतं, तिथे आम्ल-आम्लारीचा धडा आयताच हाती येतो. पण माझा सगळ्यात लाडका धडा ध्वनीचा, त्यामुळे त्यावरच जरा लांबण लावतो.

गावातल्या भजनी मंडळाचा पखवाज आणा, आणि वाजवणाऱ्या बुवांनाही आणा. बसल्या बसल्या ते डाव्या तोंडाला, म्हणजे धुमाला, ओली कणीक थापतात, थाप मारून ऐकतात, चिमूटभर काढतात, पुन्हा ऐकतात. मुलांना विचारा, हे कशासाठी? 'चामडं फाटू नये म्हणून', 'आवाज मोठा व्हावा म्हणून', काहीही सांगतील. लगेच दुरुस्त करू नका.

प्रयोगशाळेच्या तराजूवर पाच-पाच ग्रॅमच्या गोळ्या करून घ्या. एकेक गोळी वाढवत जायचं, दर वेळी थाप मारायची आणि वारंवारिता लिहायची. मोबाइलवर फायफॉक्स नावाचं मोफत अ‍ॅप मिळतं, त्यातल्या आवाजाच्या वर्णपटात ती दिसते. वजन वाढतं तसा स्वर उतरत जातो. आलेख काढला की तो सरळ रेषेत येत नाही. तिथे घाई न करता थांबा, तास तिथेच आहे. मग बुवांना हवा तो स्वर गाऊन दाखवायला सांगा, तोही मोजा, आणि त्यासाठी किती कणीक लागेल ते मुलांनी आलेखावरून आधी सांगायचं.

एका वर्षी मुलांनी ठरवलेली कणीक लावून आम्ही उजळणीत रमलो. थोड्या वेळाने बुवांनी थाप मारली आणि म्हणाले, 'चढलाय.' अ‍ॅपही तेच म्हणालं. मुलं आलेखात चूक शोधत बसली. शेवटी एका मुलीने कणीक काढून पुन्हा तोलली, तर वजन घटलेलं. वर पंखा चालू होता! बुवा ओलं बोट का फिरवत राहतात, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मी ती लकब समजत होतो.

इथून तबल्यावर या. त्याच्या चामड्यावरचा काळा गोल, म्हणजे शाई, ही कायमची बसवलेली कणीकच म्हणा ना. नुसतं गोल चामडं वाजवलं तर मूळ स्वराबरोबर निघणारे वरचे स्वर १.५९, २.१४, २.३० पट असे वेडेवाकडे पडतात, म्हणून ढोलाला नेमका सूर लागत नाही. मधोमध वजन आलं की काही कंपनं जास्त मंदावतात, काही कमी, आणि गुणोत्तरं जवळजवळ १, २, ३, ४, ५ अशी बसतात. हे सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत १९२० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात मांडलं, रामन परिणामाच्या आठ वर्षं आधी. पुढे रामन यांनी पुडीवर, म्हणजे वाद्याच्या चामडी तोंडावर, बारीक वाळू पसरून कंपनांच्या आकृत्याही मिळवल्या. दर २८ फेब्रुवारीला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो आणि तबला मात्र संगीताच्या कपाटात बंद!

वाळूचा प्रयोग मागून आणलेल्या तबल्यावर करू नका, शाईला पाणीही लागू देऊ नका. डालड्याच्या रिकाम्या डब्यावर फुगा ताणून बांधा, वर चिमूटभर कोरडा रवा टाका आणि जवळ स्पीकर धरून आवाजाची पट्टी हळूहळू बदला. रवा रेघांवर गोळा होतो. त्या आकृत्या मुलांना चितारू द्या. आकार निसटायच्या आत टिपायचा असल्याने इथे चित्र काढण्याला खरंच काम असतं, आणि चित्रकलेच्या सरांना बोलवायला निमित्तही मिळतं.

गुणांचं तुम्ही विचारलंय. मी आकृतीच्या सुबकपणाला गुण देत नाही, अंदाज चुकल्यावर मुलाने काय केलं त्याला देतो.

आणि तास संपला की धुमा स्वतःच्या हाताने पुसा. माझ्याकडून एकदा कणीक रात्रभर तशीच राहिली, उंदरांनी ती चामड्यासकट खाल्ली. नवीन पुडीचे पैसे मी भरले, तरी पुढची दोन वर्षं मंडळाने पखवाज दिला तो बुवांच्या पहाऱ्यातच.