सरासरीवर विसंबू नकोस

प्रिय मित्रा,

पवनऊर्जा प्रकल्पावर रुजू झालास, छान झालं. लवकरच कोणीतरी सांगेल, "जागा एकदम मस्त, सरासरी वारा सेकंदाला ७ मीटर." लगेच मान डोलावू नकोस. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. एका जागी वारा कायम ७ मीटरनेच वाहतो, दुसरीकडे निम्मा वेळ ४ आणि निम्मा वेळ १० मीटरने. सरासरी दोन्हीकडे तीच, पण दुसऱ्या जागेच्या वाऱ्यात दीडपट शक्ती. म्हणून कोणत्या वेगाचा वारा वर्षात किती तास वाहतो, तो तक्ता माग.

मग मोजणी कशी झाली ते खोदून विचार. मास्ट, म्हणजे वारा मोजायचा उंच खांब, किमान वर्षभर उभा होता का? वेगमापक कॅलिब्रेट केलेले होते का? वेगमापक मास्टच्या आडोशाला आला की वारा कमी दाखवतो. बेअरिंग झिजलं तरी तेच होतं, फक्त इतकं हळूहळू की कुणाच्या लक्षात येत नाही. वेगात १० टक्के चुकलास तर शक्तीचा हिशेब ३० टक्क्यांच्या आसपास चुकतो. कर्ज देणारे पी-५० (गाठायची शक्यता ५० टक्के असलेलं वीज उत्पादन) बाजूला ठेवून पी-९०चा (शक्यता ९० टक्के असलेल्या उत्पादनाचा) आकडा बघतात, ते उगाच नाही.

जमीन, रस्ते, ग्रीडची जोडणी यांत वेळ जातो, डोकं पिकतं. ते तू शिकशीलच. फक्त टर्बाइन दाटीवाटीने बसवायच्या मोहात पडू नकोस. मुख्य वाऱ्याच्या दिशेत रोटरच्या (फिरणाऱ्या पात्यांच्या चक्राच्या) व्यासाच्या साधारण ५ ते ८ पट अंतर ठेवतात. त्याहून जवळ आणलंस, की मागच्या टर्बाइनला पुढच्याचा उष्टा वारा मिळतो.

प्रकल्प सुरू झाल्यावर दुसरा गोड आकडा भेटेल : उपलब्धता ९७ टक्के, म्हणजे तितका वेळ टर्बाइन चालायला तयार होतं. उरलेले ३ टक्के म्हणजे वर्षातले जवळपास ११ दिवस. ते वारा पडलेल्या दिवसांत गेले तर फारसं बिघडत नाही, भर वाऱ्याच्या हंगामात गेले तर मोठा फटका. त्यामुळे टर्बाइन किती वेळ बंद होतं हे विचारण्याआधी, ते कधी बंद होतं ते विचार. ठरलेली देखभाल कमी वाऱ्याच्या महिन्यांतच उरकून घे.

आणि चालू टर्बाइनही फसवतं. नॅसेल (खांबाच्या टोकावरची, जनित्र असलेली पेटी) वाऱ्यापासून काही अंश तिरकं उभं असेल किंवा पात्यांची पुढची कड झिजून खरखरीत झाली असेल, तर वीज कमी मिळते आणि अहवालात उपलब्धता मात्र १०० टक्के. स्काडातून (टर्बाइनवर नजर ठेवणाऱ्या संगणक यंत्रणेतून) दर १० मिनिटांची नोंद काढ, वेग आणि वीज यांचा आलेख प्रत्येक टर्बाइनसाठी वेगळा मांड, आणि उत्पादकाने दिलेली पॉवर कर्व्ह (कोणत्या वेगाला किती वीज मिळायला हवी ती रेषा) त्यावर ठेव. जे बिंदू खाली घसरलेले दिसतील, त्यांच्या तारखा मला पाठव. तिथूनच बोलू.

तुझा,
जुना सहकारी