सोलापूर भागाशी संबंध असलेला, पण आता कुणाच्या लक्षात नसलेला परदेशी लढवय्या कोण?

माझं उत्तर: रूमी खान. 'रूमी' म्हणजे रूमचा, तेव्हाच्या भाषेत तुर्कस्तानचा. हा किताब होता, दख्खनमध्ये तो एकाहून अधिक जणांना मिळाला. तुर्की तोफची म्हटला की सुलतान भरपूर पगार द्यायचे. तोफांचं कसब ज्याच्या हाती, त्याला जातगोत कोण विचारतो!

त्यातल्या मुहम्मद बिन हसन रूमीनं १५४९ मध्ये अहमदनगरला तिथल्या सुलतानासाठी, बुऱ्हाण निजामशहासाठी, मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ ओतली. वजन सुमारे ५५ टन, तोंड हत्ती गिळणाऱ्या हिंस्र पशूच्या जबड्यासारखं. पुढे ती आपल्या बार्शीजवळच्या परांड्याच्या किल्ल्यात होती. तिथून १६३२ मध्ये विजापूरच्या आदिलशाहीतल्या मुरारपंतांनी ती विजापूरला नेली. बैलांचे काय हाल झाले असतील, देव जाणे.

दुसरा चलबी रूमी खान. २३ जानेवारी १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत हुसेन निजामशहाचा तोफखाना याच्याकडे होता. विजयनगरची फौज अगदी अंगावर आल्यावर त्यानं तोफांत तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या भरून डागल्या, असं त्या काळचा इतिहासकार फिरिश्ता सांगतो. पैसा असा उधळलेला दुसरीकडे कुठे वाचला नाही!

या लढाईत दख्खनचे सुलतान विजयनगरविरुद्ध एक झाले होते. याच युतीसाठी हुसेन निजामशहाच्या मुलीचं, चांदबीबीचं लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी लागलं आणि आपला सोलापूरचा भुईकोट हुंड्यात गेला. पुढच्या वेळी सिद्धेश्वर तलावाकाठी गेलात तर किल्ल्याच्या बुरुजांकडे जरा वर बघा. तोफ बघायची तर मात्र विजापूरच्या शेर्झा बुरुजावर जावं लागेल.