जुना कॅमेरा ऑनलाइन विकायचाय. गिऱ्हाईक फसवणार नाही यासाठी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की कॅमेऱ्याची बॉडी आणि दोन लेन्स मिळून ८५ हजारांना विकायला काढल्यात. जाहिरात टाकल्यावर दहा मिनिटांत एकाचा फोन आला. तो म्हणाला, 'मी लष्करात आहे, पोस्टिंग बाहेर आहे, भाव करणार नाही. क्यूआर पाठवतो, तेवढा स्कॅन करा, पैसे जमा होतील. वस्तू न्यायला माझा माणूस येईल.' हा माणूस खरा असेल का, असं तुम्ही विचारलंय.

नाही, खरा नाही. तो क्यूआर स्कॅन करू नका.

लष्कराचं नाव घेतात कारण ते ऐकल्यावर आपण शंका घ्यायला कचरतो. वर्दीतला फोटो, ओळखपत्र, कॅन्टीन कार्ड असं सगळं व्हॉट्सॲपवर येतं, पण ती कागदपत्रं दुसऱ्याच कुणाची तरी असतात, बऱ्याचदा आधी फसलेल्या माणसाची. म्हणून त्याने 'विश्वासासाठी तुमचंही आधार पाठवा' म्हटलं तरी पाठवू नका. तुमच्या आधारचा फोटो पुढच्या माणसाला दाखवायला वापरतील.

खऱ्या गिऱ्हाइकाची खूण अगदी साधी असते. जुन्या कॅमेऱ्यावर ८५ हजार घालणारा माणूस पहिल्यांदा शटर काउंट, म्हणजे कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढलेत तो आकडा, विचारतो. लेन्समध्ये बुरशी आहे का, बिल आणि खोका आहे का, सर्व्हिसिंग कुठे केलं, हे विचारतो आणि मग दोन-पाच हजार कमी करा म्हणून मागे लागतो. यातलं एक अक्षर न बोलता जो थेट पैशांवर येतो, त्याला कॅमेऱ्याशी देणंघेणं नसतं.

आता क्यूआरचं. क्यूआरमध्ये पैसे कुणाला जाणार त्याचा यूपीआय पत्ता असतो, कधी रक्कमही भरलेली असते. तो स्कॅन केलात की तुमचं ॲप तुमच्या खात्यातून पैसे पाठवायच्या तयारीला लागतं आणि पिन टाकला की पैसे गेले. यूपीआयचा पिन म्हणजे 'माझ्या खात्यातून काढा' ही परवानगी. पैसे घ्यायला पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही, स्कॅनही करावं लागत नाही. क्यूआर स्कॅन केल्यावर स्क्रीनवर 'पे' असं स्पष्ट लिहिलेलं असतं, पण फोनवरचा माणूस घाईघाईत सांगत राहतो की हा आकडा तुमच्याकडे येणारा आहे. अनेकदा तो आधी खरोखरच एक-दोन रुपये पाठवतो. ते जमा झालेले दिसतात आणि माणूस सैल पडतो. दोन व्यक्तींमधली 'कलेक्ट रिक्वेस्ट', म्हणजे ॲपवरून समोरच्याकडे पैसे मागायची सोय, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, त्यामुळे तो एक रस्ता बुजला. क्यूआरचा अजून उघडा आहे. 'जमत नसेल तर मी मदत करतो' म्हणत फोनची स्क्रीन दिसेल असं ॲप टाकायला सांगितलं, तर तिथेच फोन ठेवा.

याच कुळातला दुसरा प्रकार म्हणजे 'चुकून जास्त गेले'. पाच हजार टोकन ठरलेलं असतं आणि तुमच्या फोनवर ५०,००० जमा झाल्याचा मेसेज येतो. पाठोपाठ फोन येतो, 'साहेब, एक शून्य जास्त पडलं, दवाखान्याचे पैसे होते, पंचेचाळीस परत करा ना.' तो मेसेज त्यानेच लिहून पाठवलेला असतो. बँकेचा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरावरून येत नाही, पण नुसत्या त्या खुणेवर विसंबू नका. मेसेज सोडून द्या, बँकेचं ॲप उघडा, शिल्लक पाहा आणि स्टेटमेंटमधली शेवटची नोंद वाचा. जे तिथे नाही ते आलेलं नाही.

प्रत्यक्ष भेटून व्यवहार केला की सगळं सुरक्षित, असंही नाही. पैसे गेल्याची हुबेहूब हिरवी खूण, वर तुमचं नाव, रक्कम, वेळ असं दाखवणारी बनावट ॲप्स आहेत. तुमच्यासमोर क्यूआर स्कॅन केल्यासारखं करून 'झालं बघा' म्हणतात. पैसे दिसत नाहीत म्हटलं तर 'सर्व्हर स्लो आहे, मला गाडी गाठायचीय'. त्याच्या फोनची स्क्रीन हा पुरावा नाही, तुमच्या खात्यातली नोंद हाच पुरावा. यूपीआयच्या व्यवहाराला बारा आकडी यूटीआर नंबर असतो. त्याच्याकडचा आणि तुमच्या नोंदीतला एकच आहे ना, ते ताडून घ्या. 'एनईएफटी केलंय, उद्या बँक उघडल्यावर येईल' हेही ऐकून घेऊ नका. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, दर अर्ध्या तासाच्या बॅचने चालतं. 'शेड्यूल' करून ठेवलेल्या एनईएफटीचा स्क्रीनशॉटही दाखवतात. तो व्यवहार पुढच्या तारखेचा असतो आणि तुम्ही घरी पोचायच्या आत रद्द करता येतो. चेक तर घेऊच नका. खात्यात रक्कम दिसली तरी तो वटेपर्यंत पैसे तुमचे नाहीत.

कधी कधी मात्र खऱ्या गिऱ्हाइकालाही खरोखर पैसे पाठवता येत नाहीत, आणि तिथे उगाच भांडण होतं. यूपीआयने एका व्यक्तीला पाठवायची मर्यादा साधारणपणे दिवसाला एक लाख असते. नव्या फोनवर यूपीआय नुकतंच सुरू केलं असेल तर पहिले २४ तास फक्त ५,००० रुपये जातात. नेट बँकिंगमध्ये नवं खातं जोडल्यावरही बऱ्याच बँका पहिल्या दिवशी मोठी रक्कम जाऊ देत नाहीत. म्हणून भेटीच्या आदल्या दिवशी गिऱ्हाइकाला खाते क्रमांक आणि आयएफएससी द्या, खातं जोडून एक रुपया पाठवून बघायला सांगा. पैसे घेण्यासाठी एवढं देण्यात धोका नाही. कार्डाचा नंबर, सीव्हीव्ही, ओटीपी, पिन यांचा इथे काही संबंध नसतो. रोख हवी असेल तर बँकेच्या शाखेतच भेटा, नोटा पैसे भरायच्या मशीनमध्ये भरा आणि मग कॅमेरा द्या. मशीन संशयास्पद नोट बाहेर टाकतं. तुमच्या रकमेला लागू नाही, पण सोनं किंवा गाडी विकणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि दंड घेणाऱ्याला होतो.

आता ज्याबद्दल फार कमी लोक सावध असतात, त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. पैसे खरोखर येतात, स्टेटमेंटमध्ये दिसतात, तुम्ही कॅमेरा देता आणि चार दिवसांनी तुमचं खातं गोठतं. होतं असं की ठग तिसऱ्याच माणसाला गंडवत असतो, कुणाला वीजबिलाच्या नावाने, कुणाला शेअर बाजाराच्या. पैसे स्वतःच्या खात्यावर न घेता तो त्या बिचाऱ्याला तुमचा यूपीआय पत्ता देतो. ८५ हजार तुमच्याकडे येतात, ठग कॅमेरा घेऊन जातो. मग तो माणूस तक्रार करतो, पैशांचा माग तुमच्या खात्यापर्यंत येतो आणि बँक पोलिसांच्या सांगण्यावरून रक्कम अडकवते, कधी कधी पूर्ण खातंच. कॅमेरा गेला आणि पैसेही अडकले.

यावर उपाय असा: पैसे समोर उभ्या असलेल्या माणसाच्याच खात्यातून, त्याच्याच हातातल्या फोनवरून, तुमच्यादेखत यायला हवेत. तुमच्या ॲपमध्ये पाठवणाऱ्याचं नाव दिसतं, ते त्याच्या लायसन्सवरच्या नावाशी जुळवा. 'भावाच्या खात्यातून टाकतोय', 'ऑफिसमधून टाकायला सांगितलंय' म्हणाला तर तिथेच नको म्हणा, वाईट वाटून घेऊ नका. अनोळखी नावाने रक्कम आलीच, तर वस्तू देऊ नका आणि तो सांगेल त्या दुसऱ्या खात्यावर पैसे परतही करू नका. बँकेला लेखी कळवा की ही रक्कम ज्या खात्यातून आली तिथेच परत जाऊ द्या.

आणि विक्रीची पावती करा, दोन प्रती. तारीख, दोघांची नावं, पत्ता, मोबाइल, बॉडी आणि दोन्ही लेन्सचे सिरियल नंबर, रक्कम, यूटीआर नंबर, 'वस्तू तपासून चालू स्थितीत मिळाली' हे वाक्य आणि दोघांच्या सह्या. सोबत त्याच्या लायसन्सचा फोटो. खातं कधी गोठलंच तर बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि कुठल्या पोलीस ठाण्याची तक्रार आहे ते विचारून घ्या. त्या ठाण्याला पावती, चॅट, जाहिरात आणि खरेदीचं मूळ बिल ईमेल करा. वादातली रक्कम तेवढी अडकवून बाकी खातं मोकळं करा, अशी लेखी मागणी बँकेकडे करा. अशा वेळी तोंडी खुलाशाचा काही उपयोग होत नाही, ती एक पानी पावतीच कामी येते.

सिरियल नंबरांचं दुसरंही कारण आहे. बॉडीचा नंबर बहुतेक वेळा खालच्या बाजूला असतो, लेन्सचा माउंटजवळ (लेन्स बॉडीला जोडतात तिथे) किंवा नळीवर. घरून निघण्याआधी तिन्हींचे जवळून फोटो काढा, लेन्समधून टॉर्च मारून काच स्वच्छ असल्याचाही एक व्हिडिओ घ्या. दोघे जण आलेले असतात, एक तुम्हाला मेनूमधलं काहीतरी विचारत राहतो, दुसरा लेन्स लावून बघतो, आणि परत ठेवताना त्याच मॉडेलची बुरशी आलेली लेन्स ठेवतो. 'नको, भाव जास्त आहे' म्हणून निघूनही जातात. म्हणून एका वेळी एकच वस्तू पिशवीतून बाहेर काढा, ती परत आत गेल्यावरच दुसरी, आणि आत ठेवताना नंबर बघा. तुम्हीही एकटे जाऊ नका. जागा बँकेची शाखा किंवा सीसीटीव्ही असलेलं कॅमेऱ्याचं दुकान. स्वतःचं घर नको.

परगावच्या गिऱ्हाइकाला कुरिअर करणं या किमतीला मी टाळायलाच सांगेन. पार्सल न्यायला बाईकवाला दारात पाठवून स्क्रीनशॉट दाखवण्याचा प्रकार तर नेहमीचाच आहे. तो बाईकवाला बिचारा खराच असतो, पैसे आले का हे त्याला ठाऊक नसतं. पाठवायचंच झालं तर पूर्ण रक्कम आधी घ्या. सिरियल नंबरापासून खोक्याला टेप लागेपर्यंत एकच सलग व्हिडिओ करा, पावतीवर वजन लिहून घ्या आणि खरी किंमत नोंदवून विमा उतरवा. विमा नसेल तर कुरिअरवाल्याची जबाबदारी पावतीमागे बारीक अक्षरांत छापलेल्या किरकोळ रकमेपुरतीच असते. 'खोक्यात वीट निघाली' असं गिऱ्हाईक म्हणालं तर वजन आणि व्हिडिओ हेच तुमचे साक्षीदार.

तुमच्या फोनवाल्याचा नंबर, यूपीआय पत्ता, क्यूआर यांचे स्क्रीनशॉट ठेवा आणि दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू' सुविधेवर कळवा. पैसे गेलेले नसतील तर तक्रारीची जागा तीच. कुणाचे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावायचा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत थांबवता येते, म्हणून इथे तासाभराचा उशीरही महागात पडतो. फोनवर बँकेचं नाव, यूटीआर, रक्कम, वेळ विचारतात, ते हाताशी ठेवा. मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तपशील भरा आणि बँकेलाही कळवा. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या ३१८(४) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ डी खाली येतो. ठाण्यात 'आमच्या हद्दीत नाही' म्हणाले तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा एफआयआर, मागा.

तोवर जाहिरात बदला. फोटोत सिरियल नंबर दिसत असेल तर झाका, शटर काउंट लिहा, आणि खाली एवढं घाला: 'फक्त प्रत्यक्ष भेटून, बँकेच्या शाखेत. पैसे गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या खात्यातून. क्यूआर स्कॅन करणार नाही.' फोन कमी येतील, पण जे येतील ते शटर काउंट वाचून आलेले असतील.