डॅम्पर घेण्याआधी माउंट बघ

भावा, गाडीला इंजिन डॅम्पर बसवायचा म्हणतोस, पण त्यानं इंजिनाची ताकद एक हॉर्सपॉवरही वाढत नाही, हे आधी पक्कं समजून घे. तो इंजिन आणि बॉडीच्या मधे लावलेला छोटा शॉकअब्सॉर्बर. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की इंजिन रबरी माउंटवर, म्हणजे ज्या रबरी आधारांवर ते बसवलेलं असतं त्यांवर, डुलतं; ते डुलणं तो आवरतो. गिअर बदलताना झटका कमी बसतो, गाडी पायाला लगेच उत्तर देते. चोर्ला घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधे सारखी अदलाबदल करताना हे जाणवतं. निपाणीकडं हायवेनं एका वेगात जाताना काही कळणार नाही.

तुझी गाडी जुनी म्हणतोस, तर आधी माउंट बघ. बॉनेट उघड, हँडब्रेक ओढ, ब्रेक दाबून धर, पहिल्या गिअरमधे क्लच अलगद सोड. इंजिन किती उचलतंय ते कुणालातरी बाजूनं बघायला सांग, गाडीसमोर मात्र कुणाला उभं राहू देऊ नकोस. रबराला भेगा दिसल्या तर बेळगावच्या उद्यमबागेत ओळखीचा मिस्त्री गाठ आणि नवे टाकून घे. मी खराब माउंटवरच डॅम्पर चढवला होता. सिग्नलला उभं राहिलं की स्टिअरिंग थरथरायचं, आई गाडीत बसायला नको म्हणायची.

एवढं करून डॅम्पर हवाच असेल, तर कडकपणा कमी-जास्त करता येणारा घे आणि सगळ्यात मऊ सेटिंगपासून सुरू कर.