फाइल उघडली, पण नुसता कोडच दिसला

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एचटीएमएल, सीएसएस चांगलं जमतं, जावास्क्रिप्ट थोडं येतं. सर्व्हर-साइड स्क्रिप्टिंग (ब्राउझरऐवजी सर्व्हरवर चालणारा कोड) शिकायचं म्हणून पीएचपीची फाइल लिहिली, ब्राउझरमध्ये ओढून टाकली, तर कोडच जसाच्या तसा दिसला. मग पायथन धरलं, नंतर नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन). तिन्ही अर्धवट राहिले. हे क्षेत्र माझ्यासाठी नाही का? आणि घ्यायची तरी कुठली भाषा?

उत्तर : त्या कोड दिसलेल्या फाइलपाशीच पुन्हा जा. तुझ्या हातून घडलेली ती सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. ब्राउझरला पीएचपी कळत नाही, पायथनही कळत नाही. तू फाइल थेट डिस्कवरून उघडलीस, म्हणजे मधे सर्व्हर नव्हताच. मग कोड चालवणार कोण?

पीएचपीमध्ये ५.४ या आवृत्तीपासून (२०१२) सरावापुरता छोटा सर्व्हर सोबतच येतो. तो सुरू कर आणि तीच फाइल लोकलहोस्टच्या, म्हणजे तुझ्याच संगणकाच्या, पत्त्यावरून उघड. आता पानाचा सोर्स बघ. त्यात पीएचपीची एकही ओळ नसेल, फक्त तयार एचटीएमएल असेल. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस की ‘सर्व्हर-साइड’ या शब्दाची भीती राहणार नाही.

भाषेबद्दल माझं स्पष्ट मत : पहिल्यांदा पीएचपीच. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या वेबपानासाठी काही साधनं लिहिली, तिथून ती वाढली. वर्डप्रेस आणि विकिपीडियामागचं मीडियाविकी आजही तिच्यावरच चालतं. पण माझं खरं कारण वेगळं आहे. साध्या पीएचपीत प्रत्येक विनंतीला स्क्रिप्ट नव्याने सुरू होते, उत्तर देते आणि व्हेरिएबलमधलं सगळं विसरते. नोडमध्ये प्रोग्राम चालूच राहतो. त्यामुळे एखाद्या व्हेरिएबलमध्ये ठेवलेली माहिती पुढच्या विनंतीलाही सापडते, शिकणाऱ्याला वाटतं ती साठवली गेली, आणि सर्व्हर बंद करून सुरू केला की सगळं गायब! पीएचपी हा भ्रम होऊच देत नाही. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीलाही मागची विनंती आठवत नाही, म्हणूनच कुकी, सेशन आणि डेटाबेस लागतात, हे तिथे पहिल्याच आठवड्यात कळतं. अभ्यासक्रमात पायथन असेल तर त्यातलं फ्लास्क हे छोटं फ्रेमवर्क घेतलंस तरी चालेल. मात्र जे घेशील त्यात एक काम पूर्ण होईपर्यंत दुसरीकडे बघू नकोस.

ते काम छोटंसंच ठेव : अभिप्रायाचा फॉर्म. नाव आणि मजकूर घ्यायचा, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये साठवायचा, यादी दाखवायची, मग दुरुस्त करण्याची आणि पुसण्याची सोय द्यायची.

फॉर्म चालू लागला की त्याच्यावर तूच हल्ला कर. नावाच्या रकान्यात स्क्रिप्टचा टॅग टाक. पुढच्या पानावर तो चालला, तर मजकूर दाखवण्याआधी एस्केप करायचं, म्हणजे त्यातली खास चिन्हं निरुपद्रवी करायचं, राहिलंय. नावात एकेरी अवतरणचिन्ह टाकल्यावर क्वेरी मोडली, तर तू मूल्यं थेट एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञेतच, जोडली आहेस. तिथे प्रिपेअर्ड स्टेटमेंट (आज्ञा आणि मूल्यं वेगवेगळी देण्याची पद्धत) हवं. जावास्क्रिप्टने फॉर्म तपासलाय म्हणून निर्धास्त राहू नकोस. तुझं पान न उघडताही कुणीही थेट सर्व्हरला विनंती पाठवू शकतं, त्यामुळे प्रत्येक तपासणी सर्व्हरवर पुन्हा करावीच लागते. पुढे लॉगिन जोडशील तेव्हा पासवर्ड कधीही जसाच्या तसा साठवू नकोस, हॅश करूनच, म्हणजे मूळ पासवर्ड उलट काढता येणार नाही अशा रूपात, ठेव. मुलाखतीत मी उमेदवारांना याच गोष्टी विचारत आलो आहे. बटण दाबल्यापासून पान येईपर्यंत काय काय घडतं, हे ज्याला स्वतःच्या प्रकल्पावरून सांगता येतं, तो मला दहा भाषांची नावं लिहिणाऱ्यापेक्षा उजवा वाटतो.

५०० ची एरर आली की कोड आंधळेपणाने बदलत बसू नकोस, आधी सर्व्हरचा लॉग (चुकांची नोंद) वाच. लाराव्हेल, जँगो ही मोठी फ्रेमवर्क आत्ता बाजूला ठेव. फॉर्म पुरा झाल्यावर ती घेशील तेव्हा ती कुठले कष्ट वाचवतात हे तुझं तुलाच दिसेल.

आणि हो, फॉर्म झाला की तो मैत्रिणीच्या हातात दे, तिला त्यात वाट्टेल ते भरायला सांग. काय मोडलं ते मला लिहून कळव, तिथून पुढचं बोलू.