दम लागतो, मग चालवायचं कसं?

"मॅडम, यांना मोरीपर्यंत गेलं तरी धाप लागते. आणि तुम्ही व्यायाम सांगताय?"

फुप्फुसाच्या कर्करोगाचा रुग्ण असलेल्या जवळजवळ प्रत्येक घरातून हा प्रश्न येतोच. या काकूंच्या आवाजात राग होता, पण त्यामागची भीती मला जास्त ऐकू आली.

काका ६४ वर्षांचे, निवृत्त एसटी चालक. आजार पुढच्या टप्प्यातला, शस्त्रक्रिया शक्य नाही, केमो चालू. घरच्यांनी मायेपोटी त्यांना पलंगावरून उठूच दिलं नव्हतं. पाणी, ताट, पेपर, सगळं हातात. बोलता बोलता सून म्हणाली, "चपलाही माळ्यावर टाकल्यात. न सांगता बाहेर पडायचे ना!" काका मान खाली घालून बसले होते.

मी काकूंना त्यांच्या मांड्यांना हात लावून बघायला सांगितलं. पार उतरल्या होत्या. धाप नुसत्या फुप्फुसामुळे लागत नाही. पडून राहिलं की पायांचे स्नायू झिजतात, मग थोड्याशा हालचालीलाही श्वास पुरत नाही, आणि दम लागतो म्हणून माणूस आणखी पडून राहतो.

"दम लागल्यानं गाठ वाढत नाही ना?" काकूंनी हळूच विचारलं. नाही, काकू. बेताचा दम म्हणजे इजा नव्हे.

अशाच, पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांवर झालेल्या व्यायामाच्या ६ चाचण्या कॉक्रेन या, वैद्यकीय संशोधन एकत्र करून पारखणाऱ्या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात तपासल्या आहेत. रुग्ण मिळून २२१. त्यातल्या काही चाचण्यांत चालणं मोजलं, तेव्हा व्यायाम करणारे सहा मिनिटांत इतरांपेक्षा सरासरी ६३ मीटर जास्त चालले. चाचण्या लहान होत्या, आणि व्यायामानं आयुष्य वाढतं असं त्यातून सिद्ध झालेलं नाही. हे मी लपवत नाही, खोट्या आशेवर कुणाला चालवायचं नसतं.

काका पहिल्यांदाच बोलले. "६३ मीटर म्हणजे आमच्या दारापासून चहाच्या टपरीपर्यंत."

मग डॉक्टरांना विचारून, रक्ताचे रिपोर्ट आणि हाडांत आजार गेलाय का ते पाहून फिजिओथेरपिस्टनं सुरुवात करून दिली. खुर्चीतून उठ-बस, घरातल्या घरात चालणं. दमाला ० ते १० मधला आकडा द्यायचा, ३-४ पर्यंत चालायचं, पुढे गेला की टेकायचं. छातीत दुखलं, चक्कर आली, थुंकीतून रक्त पडलं किंवा ताप असला तर व्यायाम बंद आणि लगेच फोन. काकूंनी हे दोनदा म्हणून दाखवलं.

पुढच्या खेपेला त्या वही घेऊन आल्या. केमोनंतरच्या तिसऱ्या दिवसापुढे लिहिलं होतं: 'आज चालले नाहीत. खुर्चीतून चार वेळा उठले.' त्याच्यानंतर आठवडाभरानं, काकांच्या अक्षरात: 'टपरी. आकडा ४. बाकड्यावर बसून चहा. परत आलो.'

चपला आता दाराशीच असतात, असं सून म्हणाली.